‘क्रोममध्ये उघडा’ हा सल्ला कुठे चालतो, कुठे उलटा पडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेचं सभासदत्वाच्या अर्जाचं पान आहे. ऑफिसातल्या विंडोजवर क्रोममध्ये ते व्यवस्थित चालतं. काही सभासदांच्या आयफोनवर मात्र नुसतं पांढरं पान येतं. फायरफॉक्समध्ये ‘महिना आणि वर्ष’ निवडायचा रकाना उघडतच नाही. शुल्क भरून बँकेच्या पानावरून परत आल्यावर काहींचं लॉगिन उडतं, तेही क्रोममध्येच आणि कधीकधीच. पान बनवणारा म्हणतो, ‘सगळ्यांना क्रोम वापरायला सांगा.’ संचालकांपैकी एकाचं मत आहे की सफारीच मागासलेला आहे. दुसऱ्याचं म्हणणं, क्रोम रॅम खातो, फायरफॉक्स बरा. यात खरं कोणाचं?

तक्रारी तीन आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. ‘क्रोम वापरा’ हा सल्ला त्यातल्या जेमतेम एका तक्रारीला लागू पडतो. आयफोनवर त्याचा उपयोग शून्य, आणि पैसे भरण्याच्या तक्रारीत तर तो उलटाच पडतो. एकेक घेऊ.

आधी नाव आणि इंजिन यांतला फरक लक्षात घ्या. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी आणि सॅमसंगचा ब्राउझर यांची नावं सहा असली तरी पान रंगवणारं इंजिन एकच आहे, ब्लिंक. फायरफॉक्सचं इंजिन गेको, सफारीचं वेबकिट. गंमत म्हणजे ब्लिंक हे २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालं, आणि वेबकिट त्याआधी केएचटीएमएल या आणखी जुन्या इंजिनातून. म्हणून एका इंजिनातल्या जुन्या सवयी दुसऱ्यात अजून सापडतात. आयफोनवर मात्र अ‍ॅपलच्या नियमामुळे क्रोम घ्या की फायरफॉक्स, आत वेबकिटच चालतं. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून, आयओएस १७.४ या आयफोनच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, दुसऱ्या इंजिनाला मुभा मिळाली; भारतातल्या सभासदाला त्याचा काही उपयोग नाही. आयफोनवर ‘क्रोम टाकून बघा’ म्हणणं म्हणजे रंग बदललेल्या त्याच रिक्षात बसवणं.

आता पांढरं पान. ‘काही’ आयफोनवरच हे होतं, हाच इथला मोठा धागा आहे. ते फोन कुठले ते विचारा. आयफोन ६एस, ७ किंवा पहिला एसई निघाला तर अर्धं निदान झालंच समजा. हे फोन आयओएस १५ वर थांबले आणि सफारी तिथे ऑपरेटिंग सिस्टिमबरोबरच येतो, म्हणजे तोही तिथेच थांबला. अशा फोनवर अख्खं पान कोरं येण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रातलं) ‘मागे वळून पाहणं’, म्हणजे (?<= किंवा (?<! अशी खूण. क्रोममध्ये हे २०१७ पासून आहे, आवृत्ती ६२. फायरफॉक्सला २०२० उजाडलं, आवृत्ती ७८. सफारीत ते मार्च २०२३ मध्ये आलं, आवृत्ती १६.४. म्हणजे साडेपाच वर्षं ज्याने फक्त क्रोमवर तपासणी केली, त्याला ही चूक दिसणं शक्यच नव्हतं.

एका खुणेने अख्खं पान का जातं, तेही समजून घ्या. सीएसएसमधली (पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या नियमांतली) अनोळखी ओळ ब्राउझर गुपचूप सोडून देतो आणि पुढे जातो. जावास्क्रिप्टमध्ये (पान चालतं-बोलतं करणाऱ्या भाषेत) तशी सवलत नाही. फाइल चालवण्याआधी ती पूर्ण वाचली जाते, आणि वाचतानाच एक चिन्ह कळलं नाही तर त्या फाइलमधली एकही ओळ चालत नाही. आजची पानं सगळा अर्ज जावास्क्रिप्टनेच उभा करतात, आणि बांधणी करणारं साधन सगळा कोड एका मोठ्या फाइलमध्ये कोंबतं. मग कुठल्यातरी तिऱ्हाइताच्या लायब्ररीतली (तयार कोडच्या संचातली), रकमेत स्वल्पविराम घालणारी एक ओळ सगळा अर्ज घेऊन बुडते. कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका जिथे छापतो तिथे) दिसणारा संदेश असा: ‘सिंटॅक्स एरर: इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन: इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम’. हा दिसला की बाकी काही शोधत बसू नका. बॅबेलसारखं साधन इतर नवी वाक्यरचना जुन्या रूपात बदलून देतं, पण ही खूण त्याच्या आवाक्यात नाही. ती हातानेच काढावी लागते. बांधणी झालेल्या फाइलमध्ये (?<= आणि (?<! शोधा. लायब्ररीचं नाव सापडेल.

आयफोनचा कन्सोल पाहायला मॅक आणि केबल लागते, ती बहुतेकांकडे नसते. त्यावर साधा तोडगा असा: मुख्य फाइलच्या आधी एका वेगळ्या स्क्रिप्ट टॅगमध्ये पाच ओळींचा ‘विंडो-ऑन-एरर’ लिहा आणि येणारी चूक पानावरच मोठ्या अक्षरांत छापा. टॅग वेगळाच हवा, कारण मोडकी फाइल फक्त स्वतःलाच बुडवते, शेजारच्या टॅगला नाही. फाइल दुसऱ्या डोमेनवरून येत असेल तर तपशील लपवून नुसतं ‘स्क्रिप्ट एरर’ एवढंच मिळतं. तेव्हा टॅगवर ‘क्रॉसओरिजिन’ लावा आणि त्या सर्व्हरवरून परवानगीचा हेडर पाठवा. सभासदाला सांगा, स्क्रीनशॉट पाठवा. काम झालं.

रकमेच्या स्वल्पविरामांसाठी रेग्युलर एक्स्प्रेशन लागतच नाही. ब्राउझरचं स्वतःचं अंक-मांडणीचं फंक्शन लाख-कोटीचे स्वल्पविराम बरोबर घालतं. फक्त मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची खूण) दिलं तर अंक देवनागरी येतात, आणि तोच मजकूर परत वाचून बेरीज करायला गेलात तर जावास्क्रिप्टला ‘१’ हा अंक वाटत नाही. उत्तर ‘नॉट अ नंबर’. दाखवायची रक्कम आणि हिशेबाची रक्कम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

तारखांची गोष्ट थोडी तशीच. सर्व्हरकडून येणारी ‘२०२४-०३-०५ १०:३०:००’ अशी, मध्ये रिकामी जागा असलेली तारीख क्रोम निमूट वाचतो. जुना सफारी तिला ‘इनव्हॅलिड डेट’ म्हणतो, आणि नियमाच्या पुस्तकाप्रमाणे त्याचं काही चुकत नाही. प्रमाण रूपात मध्ये ‘टी’ हे अक्षर असतं. बाकी कुठलं रूप वाचायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. नुसती तारीख, वेळेशिवाय दिली तर ती ग्रीनिचची मध्यरात्र धरली जाते. भारतात ती सकाळी साडेपाच होते, म्हणून चूक लपून राहते. अमेरिकेत बसून अर्ज भरणाऱ्या सभासदाला मात्र जन्मतारीख आदल्या दिवशीची दिसते. आणि ‘०५/०८/२०२४’ ला सगळेच ब्राउझर ८ मे समजतात. तारीख तोडून वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे वेगवेगळे द्या, वाद मिटतो.

फायरफॉक्समधला ‘महिना’ रकाना हीच ती एक तक्रार, जिथे ‘क्रोममध्ये उघडा’ तात्पुरतं चालून जातं. डेस्कटॉप फायरफॉक्सने हा प्रकार वर्षानुवर्षं राबवलेला नाही, तिथे मजकुराचा साधा रकाना दिसतो. दोन साध्या याद्या ठेवा, एक महिन्याची आणि एक वर्षाची. क्रोममधल्या महिन्याच्या चौकटीपेक्षा वयस्कर सभासदांना त्या जास्त सोप्या जातात, हा वरचा फायदा.

आता पैसे भरून परत येताना लॉगिन जाण्याची गोष्ट. हिच्यावर थोडा वेळ घालवू, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त अंधारात चाचपडतात. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० पासून गुगलने एक नियम आणला: ज्या कुकीवर (सभासद ओळखायला साइटने ब्राउझरकडे ठेवलेल्या नोंदीवर) ‘सेमसाइट’चा, म्हणजे परक्या साइटवरून येताना ती पाठवायची का याचा, शेरा नाही ती ‘लॅक्स’ म्हणजे सैल समजायची. लॅक्स कुकी दुसऱ्या साइटवरून दुव्याने आलात तर पाठवली जाते, पण दुसऱ्या साइटवरून फॉर्म ‘पोस्ट’ होऊन (भरलेली माहिती सोबत पाठवून) आलात तर नाही. आणि पैसे घेणारी बरीचशी गेटवे निकाल तुमच्या पानाकडे पोस्टनेच पाठवतात. कुकी आली नाही, सर्व्हरने सभासदाला ओळखलं नाही, लॉगिनचं पान दाखवलं. कोविडच्या धांदलीत गुगलने हा बदल एप्रिलमध्ये मागे घेतला आणि जुलैपासून पुन्हा लागू केला. फायरफॉक्स आणि सफारी यांनी बिनशेऱ्याच्या कुकीला लॅक्स मानायचं सरसकट स्वीकारलेलं नाही. म्हणून हा दोष क्रोम-एजमध्ये दिसतो, इतरांत दिसत नाही.

‘कधीकधीच’ का? क्रोमने साइटांची मोडतोड कमी करायला एक पळवाट ठेवली आहे: बिनशेऱ्याची कुकी दोन मिनिटांच्या आत तयार झालेली असेल, तर ती पोस्टबरोबरही जाऊ द्यायची. लॉगिन केलं, लगेच पैसे भरले, ओटीपी झटकन आला, तर सगळं सुरळीत. ओटीपी उशिरा आला, किंवा सभासद कार्ड शोधायला आत गेला, की दोन मिनिटं उलटली आणि लॉगिन गेलं. डेव्हलपर आपल्या टेबलावर चाचणी करतो तेव्हा तो नेहमी घाईत असतो, म्हणून त्याच्याकडे हे कधीच घडत नाही.

यावर घाईघाईचा उपाय म्हणजे लॉगिनच्या कुकीवर ‘सेमसाइट-नन’ आणि ‘सिक्युअर’ असा शेरा मारणं. चालतो, पण परक्या साइटवरून तुमच्या सभासदाच्या नावे फॉर्म पाठवण्याचा जुना धोका पुन्हा दार उघडून आत येतो. शिवाय आयओएस १२ मधला सफारी ‘नन’ला चुकून ‘स्ट्रिक्ट’ समजत असे. तसा फोन अजून कोणाकडे असेल तर त्याला ही गोळी उलटी लागते. नीट उपाय असा: गेटवेकडून पोस्ट जिथे येतो त्या पत्त्याला लॉगिनची गरजच ठेवू नका. तिथे फक्त गेटवेची सही तपासा, ऑर्डर क्रमांकावर निकाल नोंदवा आणि ३०३ (‘त्या पानाकडे जा’ असं सांगणारं उत्तर) देऊन आपल्याच निकालाच्या पानाकडे वळवा. ते पान ‘गेट’ने (दुव्यासारखं, नुसतं मागून) उघडतं, म्हणून लॅक्स कुकी तिथे सोबत येते. एक खड्डा मात्र सांभाळा. पोस्ट घेणाऱ्या पानाने सवयीने नवं सेशन (लॉगिनची नोंद) सुरू केलं, तर उत्तरात नवी कुकी जाते, ती जुनीला पुसते, आणि ३०३ बरोबर लिहूनही सभासद बाहेरच. पीएचपी या भाषेत प्रत्येक पानाच्या माथ्यावर सेशन सुरू करण्याची रीत असते, तिथे हे हमखास होतं. खात्री करायची तर एफ-१२ दाबा, नेटवर्कमध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग’ चालू करा, पैसे भरून परत या आणि त्या पोस्टच्या ‘कुकीज’ टॅबमध्ये पाहा. अडवलेली कुकी पिवळ्या रंगात, कारणासकट दिसते.

सफारीचे कुकी-नियम याहून कडक आहेत. मार्च २०२० पासून तो तिसऱ्या पक्षाच्या सगळ्या कुकी अडवतो, म्हणून तुमचा अर्ज दुसऱ्या साइटवर चौकटीत बसवला असेल तर त्यातलं लॉगिन तिथे टिकत नाही. आणि जावास्क्रिप्टने ब्राउझरमध्ये साठवलेला मजकूर, सभासद त्या साइटकडे फिरकला नाही तर सफारी वापराच्या सात दिवसांनी पुसला जातो. ‘अर्धा भरलेला अर्ज जपून ठेवला आहे’ असं वचन फक्त लोकल स्टोरेजच्या जोरावर देऊ नका. मसुदा सर्व्हरवर ठेवा.

आयफोनच्या किरकोळ कटकटी झटपट सांगतो. रकान्यातल्या अक्षराचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी असेल तर बोट लावताच पान मोठं होतं आणि मोठंच राहतं; १६ करा, झूम बंद करण्याच्या भानगडीत पडू नका. पानाची उंची ‘१०० व्हीएच’ (पडद्याची पूर्ण उंची) दिली असेल तर ‘पुढे’चं बटण खालच्या पट्टीआड जातं, नवं ‘डीव्हीएच’ एकक वापरा आणि त्याच्या आधी जुन्या फोनसाठी व्हीएचची ओळ तशीच ठेवा. फ्लेक्स या मांडणीतली ‘गॅप’ (घटकांमधली मोकळी जागा) सफारी १४.१ च्या आधी चालत नाही, आणि ती आहे का हे ‘अ‍ॅट-सपोर्ट्स’ने विचारून फसू नका. गॅप हे नाव ग्रिड या दुसऱ्या मांडणीसाठी आधीपासून माहीत असल्याने तो खुशाल ‘हो’ म्हणतो.

आता एक प्रकार, जो इंजिनाचा दोष नसतोच: साइटने ब्राउझरचं नाव विचारून दार लावणं. ‘हे पान फक्त क्रोममध्ये उघडेल’ असा फलक लावलेल्या कित्येक साइटी, नाव क्रोमचं सांगितलं की फायरफॉक्समध्ये मुकाट चालतात. नाव वाचण्याच्या या खोडीपायी ब्राउझरांना काय काय सोंगं करावी लागली! २००९ मध्ये ऑपेरा १० आला तेव्हा साइटी आवृत्तीचा पहिलाच अंक वाचून ‘१’ समजत होत्या, म्हणून त्याने आपली ओळख ९.८० अशीच देत राहायचं ठरवलं. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स तीन अंकी झाले तेव्हा हाच ताप पुन्हा झाला. फायरफॉक्सच्या ओळखीत ‘आरव्ही’चा आकडा असतो; तो ११० झाला की काही साइटी त्यातला ‘११’ पाहून इंटरनेट एक्सप्लोरर ११ आल्याचं समजत. म्हणून ११९ व्या आवृत्तीपर्यंत तो आकडा १०९ वरच गोठवून ठेवला होता. आयपॅड २०१९ पासून स्वतःला मॅक म्हणवतो. ब्राउझर सांगतो त्या ओळखीवर विसंबून निर्णय घेणारा कोड आज ना उद्या मोडणारच. हवी ती सोय ब्राउझरमध्ये आहे का, हे थेट विचारा.

फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, मग अपूर्णविराम, मग ‘कॉम्पॅट’ असं इंग्रजीत लिहून पाहा. कोणत्या साइटींसाठी मोझिलाने खास ठिगळं लावली आहेत त्याची यादीच उघडते. वेबकिटच्या मूळ कोडमध्येही अशी ‘क्वर्क्स’ नावाची फाइल आहे, साइटींच्या नावांसकट. म्हणजे ‘अमुक साइट अमुक ब्राउझरमध्ये चालते’ यातलं श्रेय कधी साइटचं नसतं, ब्राउझरवाल्यांनी पदरमोड केलेली असते.

मराठी पानांचं वेगळं दुखणं आहे. मजकूर क्रोममध्ये एका ओळीत मावतो आणि आयफोनवर दोन ओळी होतात, तेव्हा बहुधा इंजिन नव्हे, फाँट वेगळा असतो. विंडोजवर निर्मला किंवा मंगल, अँड्रॉइडवर नोटो, अ‍ॅपलकडे कोहिनूर. स्वतःचा फाँट पाठवा. तो छोटा करताना शून्य रुंदीचा जोडक आणि दंड ही चिन्हं वगळली गेली नाहीत ना, जोडाक्षरांचे नियम फाँटमध्ये राहिले ना, हे पाहा. नाहीतर ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र बिघडतो आणि पाय मोडलेली अक्षरं दिसतात. ओळीची उंची १.२ ठेवून वरून कडा कापल्या तर ‘र्कीं’सारख्या अक्षरांचे रफार-अनुस्वार छाटले जातात, १.५ च्या खाली जाऊ नका. अक्षरांमधली जागा वाढवली की शिरोरेघ तुटते, प्रत्येक ब्राउझरमध्ये. पानाच्या मुळाशी भाषा ‘एमआर’ लिहिली तर ज्या फाँटमध्ये सोय आहे तो मराठी वळणाचे ल आणि श दाखवतो. आमच्याकडच्या निम्म्या साइटी तिथे अजून इंग्रजी भाषा लिहून ठेवतात, कारण साचा तसा आला होता.

आणखी एक, हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. इंग्रजी अर्ज क्रोमच्या भाषांतराने मराठीत करून वाचणारे सभासद पुष्कळ असतात. भाषांतर करताना क्रोम पानातल्या मजकुराभोवती स्वतःचे ‘फाँट’ टॅग घालतो. पान रिअ‍ॅक्टमध्ये (पानं उभी करणाऱ्या एका लायब्ररीत) बनवलं असेल तर त्याला आपण ठेवलेला मजकूर जागेवर सापडत नाही, ‘रिमूव्ह चाइल्ड’ची चूक येते आणि पुढच्या बटणाला अख्खा अर्ज अदृश्य होतो. बदलता मजकूर नेहमी स्वतःच्या ‘स्पॅन’मध्ये ठेवा. खरं तर अर्जच मराठीत द्या, म्हणजे भाषांतराची वेळ येणार नाही.

पतसंस्था म्हटलं की डिजिटल सहीचं डोंगल आलंच. ई-निविदांसारख्या ठिकाणी पूर्वी ही सही जावा अ‍ॅप्लेटने होई. ब्राउझरला बाहेरून जोडायच्या अशा प्रोग्रॅमचा, म्हणजे प्लगइनचा, तो रस्ता क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये बंद केला. आता संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम चालतो आणि पान त्याच्याशी १२७.०.०.१ या घरच्या पत्त्यावर बोलतं. सही होत नसेल तर आधी तो प्रोग्रॅम चालू आहे का पाहा. मग सूचनापत्रात दिलेला पोर्टसकटचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून प्रमाणपत्राला संमती द्या; प्रत्येक ब्राउझरला वेगळी द्यावी लागते, म्हणून ‘क्रोममध्ये होते, फायरफॉक्समध्ये नाही’. नव्या क्रोममध्ये स्थानिक नेटवर्कची परवानगी मागणारी चौकट येते. तिथे घाईत ‘ब्लॉक’ दाबलं असेल तर साइटच्या सेटिंगमध्ये जाऊन ते उलटवा. एखादं जुनं पोर्टल इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल तर एजमधला आयई मोड २०२९ पर्यंत तरी आहे. हाताने यादीत टाकलेलं पान ३० दिवसांनी यादीतून गळतं, एवढं लक्षात असू द्या.

आता तुमच्या संचालकांच्या वादाकडे. सफारीला ‘नवा इंटरनेट एक्सप्लोरर’ म्हणायची रीत पडली आहे, ती अर्धवट खरी आहे. आयई ६ नंतर आयई ७ यायला २००१ ते २००६ अशी पाच वर्षं गेली. सफारीची तशी झोप लागलेली नाही. सीएसएसमधला ‘हॅज’ हा सिलेक्टर (नियम कुठल्या घटकाला लावायचा ते सांगणारी खूण) सगळ्यांत आधी सफारीत आला, मार्च २०२२ मध्ये. क्रोममध्ये त्याच ऑगस्टमध्ये, फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ ला. सबग्रिड (ग्रिडच्या आत ग्रिडची सोय) फायरफॉक्सने २०१९ मध्ये दिलं, क्रोमने २०२३ मध्ये. तेव्हा मागे कोण, हे सोय कुठली त्यावर ठरतं. सफारीचं खरं दुखणं दोन गोष्टींत आहे: फोन जुना झाला की ब्राउझरही जुना होतो, आणि आयफोनवर दुसरा पर्याय नाही. वेब ब्लूटूथ, वेबयूएसबी (पानाला ब्लूटूथ-यूएसबी यंत्रांशी थेट बोलू देणाऱ्या सोयी) नसणं हे मागासलेपण मानायचं की नाही, हा मताचा भाग. वापरणाऱ्याची ओळख पटवायला, पाळत ठेवायला किंवा जोडलेल्या यंत्राला धोका पोचवायला त्याचा उपयोग होऊ शकतो, अशा कारणांनी अ‍ॅपल आणि मोझिला दोघांनीही ते ठरवून नाकारलं. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे. एखादं यूएसबी यंत्र थेट पानाशीच जोडायचं असेल तर मात्र तुम्ही क्रोमच निवडाल, आणि तेही बरोबरच.

क्रोम रॅम खातो हे खरं, पण त्यातला काही भाग सुरक्षेची किंमत आहे. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषाच्या प्रकरणानंतर २०१८ मध्ये क्रोम ६७ ने प्रत्येक साइट वेगळ्या प्रक्रियेत ठेवायला सुरुवात केली, आणि त्याने १० ते १३ टक्के जास्त मेमरी लागते हे गुगलनेच सांगितलं होतं. फायरफॉक्सनेही २०२१ च्या अखेरीस तोच मार्ग धरला. शिफ्ट-एस्केप दाबून क्रोमचा टास्क मॅनेजर उघडा. खादाड बहुतेक वेळा एखादं एक्स्टेन्शन किंवा उघडी राहिलेली टॅब निघते. जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनच्या बाबतीत मात्र फायरफॉक्सची बाजू भक्कम आहे, कारण क्रोमने २०२४-२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद करत आणली आणि मूळ यूब्लॉक ओरिजिन त्यात गेलं.

आणि ‘क्रोम’ म्हणजे तरी कुठला? संस्थेच्या शाखेत विंडोज ७ चा संगणक असेल तर तिथला क्रोम १०९ वर, जानेवारी २०२३ मध्ये अडकला आहे. सीएसएसमध्ये एका नियमाच्या आत दुसरा नियम लिहायची सोय क्रोममध्ये ११२ पासून आहे, म्हणून नव्या ढंगाचं पान तिथे विस्कटतं, ब्राउझरचं नाव क्रोम असूनही.

तपासणीसाठी वीस फोन लागत नाहीत. आयओएस १५ वरचा एक आयफोन (जुन्या बाजारात आयफोन ७ मिळतो), एक नवा आयफोन, एक कमी रॅमचा अँड्रॉइड, विंडोजवर क्रोम आणि फायरफॉक्स ईएसआर (संस्थांसाठीची, सावकाश बदलणारी आवृत्ती), एवढं पुरे. एजला वेगळा वेळ देऊ नका. फोन नसतील तर ब्राउझरस्टॅकसारखी सेवा भाड्याने खरे फोन देते. ही कंपनी २०११ मध्ये मुंबईतच सुरू झाली. प्लेराइट या चाचणी-साधनातलं वेबकिट विंडोजवरही चालतं, पण ते नवं वेबकिट असतं, म्हणून जुन्या आयफोनवरच्या वाक्यरचनेच्या चुका त्यात पकडल्या जातीलच असं नाही, आणि ते सफारीही नव्हे: खालची पट्टी आणि अक्षराचा झूम तिथे दिसणार नाही. कुठली सोय वापरायची हे ठरवायला ‘बेसलाइन’चा शेरा बघा. सगळ्या प्रमुख ब्राउझरांत येऊन ३० महिने झाले की ती ‘सर्वत्र उपलब्ध’ धरतात. पतसंस्थेच्या सभासदांसाठी मी त्याहून एक वर्ष मागे राहीन. कोण काय वापरतं ते सर्व्हरच्या लॉगमधून मोजा, अ‍ॅनालिटिक्सवरून नको. जाहिराती अडवणारे त्यात मोजलेच जात नाहीत आणि ‘फायरफॉक्स कोणी वापरत नाही’ असा गैरसमज तिथूनच निघतो.

सभासदाची तक्रार डेव्हलपरकडे पाठवताना आधी खाजगी खिडकीत एकदा उघडून बघायला सांगा. तिथे नीट चाललं तर दोष जुन्या साठवणीचा किंवा एक्स्टेन्शनचा आहे. तिथेही मोडलं तर फोनचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिमचा आकडा, ब्राउझरची पूर्ण आवृत्ती, वेळ, भाषांतर चालू होतं का, आणि कन्सोलमधली लाल ओळ एवढं कळवा. लाल ओळी बऱ्याच असतील तर सगळ्यांत वरची पाठवा. खालच्या बहुतेक तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात.